भातवाढीला बांधलेली चावी

युसोंगच्या गरम पाण्याच्या झऱ्यांमागे एक चार मजली इमारत आहे. तिथं कुणाच्या पोटात काय चाललंय हे सगळ्यांना ठाऊक असतं, कारण इमारतीत संडास एकच आहे. तो पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या जिन्यावर असतो आणि कायम कुलूपबंद असतो. चावीही एकच, खाली बांगच्या तळलेल्या कोंबडीच्या दुकानात गल्ल्याशेजारच्या खुंटीला टांगलेली. ज्याला जायचंय त्यानं आधी दुकानात शिरायचं, बसलेल्या गिऱ्हाइकांच्या डोळ्यांदेखत चावी उचलायची आणि बांगच्या भरघोस शुभेच्छा घेऊन जिना चढायचा. "यशस्वी हो!" असं बांग तळणीवरून मान वर न करता ओरडतो, आणि ते रस्त्यापर्यंत ऐकू जातं.

ही चावी एका गुलाबी प्लास्टिकच्या भातवाढीला बांधलेली आहे. ती युक्ती तिसऱ्या मजल्यावरच्या मेंग दोक-सूची. आधी चावी सुटी असायची आणि लोक ती खिशात घालून घरी न्यायचे. एकदा तर विम्याचा एजंट ती घेऊन थेट बुसानला गेला होता, आणि त्या दोन दिवसांत इमारतीनं जे सोसलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. तेव्हा मेंगनं घरून भातवाढी आणली. "हातभर वस्तू खिशात मावत नाही," तो म्हणाला. शिवाय खुंटीच्या वर सुवाच्य अक्षरात एक कागद चिकटवला: *चावी घेतल्यावर वाटेत कुठेही थांबू नये. काम होताच परत टांगावी.* मेंगला कुलपांचं भारी वेड. त्याचा धंदाच तो.

मेंगचं वय एक्कावन्न. गोल चेहरा, आखूड मान, आणि चालताना पाठीमागे बांधलेले हात. तिसऱ्या मजल्यावरच्या पाच माणसांच्या कंपनीत तो नोरेबांगसाठी, म्हणजे गाण्याच्या खोल्यांसाठी, यंत्र बनवायचा. खोलीत मित्रमंडळी बसतात, पुस्तकातून गाण्याचा नंबर दाबतात आणि पडद्यावर ओळी येताच गळा काढतात. त्या गाण्यांचा साठा एका मोठ्या यंत्रात असतो, आणि एकाच वेळी दोन हजार खोल्यांतून लोक त्याच्याकडे गाणी मागतात. यंत्रात कामगार मात्र आठच. त्यांना हे लोक थ्रेड म्हणतात. मेंगनं लिहिलं होतं ते या आठ जणांवरच्या मुकादमाचं डोकं.

बायकोला त्यानं हे लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत समजावलं होतं आणि तिला ते अजून पाठ आहे. प्रत्येक मागणी म्हणजे एक सभ्य गिऱ्हाईक. गाणं डिस्कवरून यायला वेळ लागणार असं दिसलं की ते आपण होऊन बाजूला सरतं, "तुमचं होऊ द्या आधी" म्हणतं, आणि गाणं आलं की जिथं थांबलं होतं तिथूनच पुढं चालू होतं. अशा सभ्य कामांना कोरूटीन म्हणतात. मुकादमानं फक्त पाळी लावायची. पाळ्यांची यादी एकच असल्यामुळे दोघांनी एकदम हात घातला तर चिंध्या होतील, म्हणून यादीला कुलूप. चावी ज्याच्या हातात, त्यानंच यादीला शिवायचं. आणि सगळ्यात मोठा नियम: चावी हातात असताना कुणीही बाजूला सरून वाट बघत बसायचं नाही.

"म्हणजे तुमच्या इमारतीतल्या संडासासारखंच," बायको ओक मी-रान तेव्हा म्हणाली होती. मेंगला ते फार लागलं होतं.

तर झालं असं, की गेल्या वसंतापासून हे यंत्र अधूनमधून गोठायला लागलं. दोन दिवसांतून एकदा, कधी तीन दिवसांतून. ना धूर, ना आवाज. आठही कामगार जागच्या जागी उभे, दोन हजार खोल्यांतली गाणी अर्ध्या ओळीवर अडकलेली. यंत्र बंद करून चालू केलं की पुन्हा सगळं सुरळीत. मेंगनं स्वतःचं लिखाण पहिल्या ओळीपासून तीनदा वाचून काढलं. चावी कुठं घेतली, कुठं टांगली, प्रत्येक जागेवर लाल पेन्सिलीनं खूण केली. कुठंही कुणी चावी घेऊन थांबत नव्हतं. तरी यंत्र गोठायचंच.

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी सकाळी कंपनीची संचालिका गुक से-रिन त्याच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. वय चौतीस, बोलणं मऊ. ती मऊ बोलायला लागली की माणसं खुर्ची घट्ट धरतात.

"मेंग-बुजांगनीम," तिनं त्याला हुद्द्यानं हाक मारली, "जेवलात का?"

"सकाळचे साडेनऊ झालेत, मॅडम."

"हो ना. बरं, शुक्रवारी संध्याकाळी सहाला सोक साहेब येणार आहेत. नोरेबांगची चाळीस दुकानं आहेत त्यांची. तोवर यंत्र सलग तीन दिवस न थांबता चाललेलं हवं. तशी अटच आहे त्यांची."

"म्हणजे उद्या सहाला चालू करायचं."

"उद्या सहाला. आणि ते थांबलं, तर..." तिनं खिडकीचा पडदा सरळ केला. "तर बाहेरचा तयार मुकादम बसवायचा ठरलंय. तुमची जागा कुठं जाणार नाही हो! तुम्ही सल्लागार व्हाल. स्वतंत्र टेबल, खिडकीपाशी."

खिडकीपाशीचं स्वतंत्र टेबल म्हणजे काय, हे या धंद्यात शेंबड्या पोरालाही कळतं. तिथं बसवलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही आणि तोही एक दिवस आपण होऊन यायचा थांबतो. मेंगला प्रोग्राम लिहिण्याखेरीज काही येत नव्हतं आणि दुसरं काही यावं अशी इच्छाही नव्हती. तो "बरं" म्हणाला. कान मात्र लालबुंद झाले.

दुपारी तो खाली बांगकडे गेला. बांग त्याच्याहून सहा वर्षांनी मोठा, म्हणून मेंग त्याला ह्योंग म्हणायचा, थोरला भाऊ. हा बांगही एके काळी प्रोग्रामरच होता, बँकांची कामं करायचा. आता तेलाचे डाग पडलेला एप्रन बांधून दोन तळण्या सांभाळतो.

"ये, ये!" बांगनं चिमट्यानं सलाम ठोकला. "मी वाटच बघत होतो. आपल्या धंद्यात पन्नाशीनंतर दोनच रस्ते. साहेब व्हा, नाहीतर कोंबडी तळा. साहेब तर तू होत नाहीस, चेहराच नाही तुझा तसला."

"ह्योंग, तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या बायकोनं. तुझा फोन येताच इथं येऊन माहितीपत्रक घेऊन गेली, 'सोनेरी पंख, आपलं स्वतःचं दुकान'. हे बघ, प्रत माझ्याकडेही आहे. मधल्या रस्त्यावर जागा रिकामी आहे, पण एक सांगून ठेवतो: माझ्या गल्लीत दुकान टाकलंस तर भाऊ-बिऊ विसरून जाईन."

"मला तळता येत नाही."

"मला तरी कुठं येत होतं? पहिल्या महिन्यात मी तेलाला नमस्कार करून कोंबडी सोडायचो. बस. मुरवलेल्या मुळ्याच्या फोडी खा. आंबट खाल्लं की डोकं चालतं."

दुकानात विम्याचा एजंट आणि खालच्या शिंपीणबाई आधीच बसले होते. दोघांच्या नजरा खुंटीवर. खुंटी रिकामी. ही इमारतीची वसंतापासूनची तक्रार: बाकी दिवसभर भातवाढी येते-जाते, पण दुपारी तीनच्या सुमारास ती गेली की वीस-वीस, पंचवीस मिनिटं परतायची नाही. कुणाचं पोट बिघडलंय यावर पैजा लागायच्या. मेंगला बरेच दिवस एजंटचा संशय होता. शिंपीणबाईंना मेंगचा.

चौथ्या मजल्यावरचा दंतवैद्य घाम पुसत आत आला, भातवाढी टांगली आणि म्हणाला, "माफ करा, माफ करा. जिन्यात ताक गुरुजी भेटले होते."

"अरेरे," सगळे एकदम म्हणाले आणि विषय संपला.

ताक गुरुजी म्हणजे दुसऱ्या मजल्यावर बादुकचा वर्ग चालवणारे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ. काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांच्या त्या खेळात एके काळी सगळ्या प्रांतात त्यांचं नाव होतं. ते भेटले की बोलणार, आणि ते बोलत असताना आपण निघायचं नाही. पायाला आग लागली तरी नाही. तेव्हा "गुरुजी भेटले होते" एवढं म्हटलं की माणूस निर्दोष सुटायचा. आणि म्हणूनच रोज तीनला सगळ्यांना गुरुजीच का भेटतात, हे कुणी कधी विचारलं नव्हतं.

मंगळवार उजाडला आणि भराभर उतरायला लागला. मेंगनं सकाळपासून लिखाण चौथ्यांदा वाचलं. पेन्सिल झिजून बोटाएवढी राहिली. तीन वाजता त्याच्या ध्यानात आलं, की तीन कप कॉफी पोटात गेलीय आणि आपण एकदाही जागचे उठलेलो नाही. तो खाली धावला आणि भातवाढी उचलली.

"यशस्वी हो!" बांग ओरडला.

जिन्याच्या वळणावर ताक गुरुजी उभे होते. काळी टोपी, हातात मिटलेला पंखा, नजर खिडकीबाहेरच्या पिवळ्या गिंको झाडावर. मेंगनं चटकन हात पाठीमागे नेला. संडासाची गुलाबी भातवाढी थोरल्या माणसासमोर नाचवणं बरं दिसत नाही, एवढी रीत त्याला होती. त्यानं कमरेत वाकून नमस्कार केला.

"कोण, मेंग का?"

"हो, गुरुजी."

"झाड पिवळं झालं बघ."

"हो, गुरुजी."

"चौऱ्याहत्तर साली तेगूला सामना होता, तेव्हाही असंच झाड होतं खिडकीबाहेर. सांगितलंय का मी तुला?"

त्यांनी सतरा वेळा सांगितलं होतं. "नाही, गुरुजी," मेंग म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

गुरुजींनी सुरुवात केली. प्रतिस्पर्धी एक डोळा बारीक करून खेळायचा. अडतिसाव्या सोंगटीला त्यानं चहा मागवला. पन्नासाव्या सोंगटीला चहा आला. मेंग एका पायावरून दुसऱ्या पायावर गेला. बाहेरून "हो ना" चाललं होतं, आत तीन कप कॉफी दार ठोठावत होती. पाठीमागे भातवाढी घामानं निसटायला लागली. साठाव्या सोंगटीला तो पुन्हा पहिल्या पायावर आला.

आणि तेव्हा त्याला दिसलं, की गुरुजीही पाय बदलतायत.

त्याच तालात. मेंग उजव्यावर तर गुरुजी डाव्यावर. पंखा मुठीत इतका आवळलेला, की काड्या करकरत होत्या. कपाळावर बारीक घाम. आणि दर चार वाक्यांनी नजर खिडकीवरून निसटून हळूच त्या बंद दाराकडे जायची.

मेंगच्या डोक्यात काहीतरी लख्ख चमकलं.

गुरुजी खाली दुकानात कधी जातच नसत! गल्लीभर ऐकू जाणारं ते "यशस्वी हो" ते कसे ऐकून घेणार? सकाळ-संध्याकाळ विद्यार्थी असत, ते चावी आणून देत. पण दुपारचा वर्ग वसंतात बंद पडला होता. तेव्हापासून तीन वाजता म्हातारा जिन्यात येऊन उभा राहायचा आणि कुणीतरी चावी घेऊन येईल याची वाट बघायचा. चावीसाठी उभं आहोत असं दिसू नये म्हणून येणाऱ्याशी बोलायचा. येणारा भातवाढी पाठीमागे लपवून, गुरुजींचं बोलणं कधी संपतंय याची वाट बघायचा. गुरुजी चावीसाठी थांबलेले, चावीवाला गुरुजींसाठी. दोघेही रीत पाळणारे, दोघांचीही काही चूक नाही. खालून बांगनं "चावी!" म्हणून बोंब मारेपर्यंत हे असंच चालायचं, आणि मग दोघेही तसेच परत जायचे.

"गुरुजी," मेंग म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं थोरल्या माणसाचं वाक्य मध्येच तोडलं. पाठीमागची भातवाढी दोन्ही हातांनी, वाकून, मानपत्र द्यावं तशी पुढं केली. "आधी तुम्ही."

गुरुजींनी भातवाढीकडे पाहिलं. मग मेंगकडे.

"बासष्टावी सोंगटी," ते अत्यंत शांतपणे म्हणाले, "आल्यावर सांगतो." आणि त्या वयाला न शोभणाऱ्या वेगानं आत गेले.

मेंग जिन्यातच उभा राहिला. ओठ पुटपुटत होते. रीत. नमस्कार. वाटेतला नमस्कार! त्याच्या यंत्रातही एक नमस्कार होताच की. अकरा वर्षांपूर्वी त्यानं स्वतःच घातला होता. चावी घेतली की कामगारानं रोजवहीत एक ओळ लिहायची: 'चावी घेतली.' इतकी साधी, सुशील ओळ, की लाल पेन्सिलीनं तिला कधी थांबण्याची जागा मानलंच नाही. पण वहीचं पान भरलं, की लिहिणाऱ्याला पान उलटेपर्यंत थांबावं लागतं. आणि पान उलटणारं काम? नव्या पानाच्या डोक्यावर यादीत किती जण आहेत तो आकडा लिहावा, असा टापटिपीचा नियमही मेंगचाच, पण तो गेल्या वसंतातला. त्या आकड्यासाठी लागते यादीची चावी! पान उलटणारा चावीसाठी उभा, चावीवाला पान उलटण्यासाठी उभा. पान नेमक्या त्याच क्षणी भरायचं ते दोन-तीन दिवसांतून एकदाच. म्हणून इतके महिने हाती लागत नव्हतं.

"चौऱ्याहत्तर साल!" असं काहीतरी ओरडत मेंग वर पळाला. ज्या कामासाठी खाली आला होता ते राहिलंच.

दोन ओळींची अदलाबदल करायची होती, बस; पण जिथं जिथं चावी घेतली होती त्या प्रत्येक जागी. आधी चावी खुंटीला, मग वहीत लिहिणं. ते करताना तो खुर्चीवर न बसता पाय आवळून उभ्या उभ्याच टाइप करत होता. गुक से-रिननं ते काचेतून पाहिलं आणि तिला वाटलं, माणूस हातचा गेला. सहाला सात मिनिटं कमी असताना यंत्र चालू झालं. सहाला पाच कमी असताना मेंग जिन्यातून असा धावला, की बांगचं "यशस्वी हो" अर्ध्यातच राहिलं.

पुढचे तीन दिवस इमारतीत लग्नघर झालं. शिंपीणबाई कपडे पोचवायला म्हणून तिसऱ्या मजल्यावर जायच्या आणि "गातंय का अजून?" विचारून यायच्या. एजंटनं यंत्राचा विमा काढायची तयारी दाखवली. मी-रान शुक्रवारी पाच वाजता आली, ती पिशवीत माहितीपत्रक घेऊनच.

"योबो," ती नवऱ्याला म्हणाली, "मी काही तुम्हाला घाई करत नाही हं. पण मधल्या रस्त्यावरची जागा सोमवारी जाणार. त्यांना काय सांगू?"

"सहानंतर सांग."

"आणि सहाला थांबलं तर?"

"तर तू तळ. मी मुळ्याच्या फोडी करीन."

"तुमच्या फोडी सारख्या आकाराच्या व्हायला वर्ष लागेल," ती म्हणाली. पण म्हणताना तिनं त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली.

पावणेसहाला सोक साहेब आले. पहाडासारखा माणूस, चांदीची अंगठी, आवाज घंटेसारखा. यंत्राला जोडलेला एक माईक ठेवला होता. बाकीच्या दोन हजार खोल्या या चाचणीपुरत्या नकली, नुसत्या मागण्या पाठवणाऱ्या. ही एक खरी. सोक साहेबांनी कुणालाही न विचारता नंबर दाबला आणि डोळे मिटून गायला लागले. आईची आठवण, बंदर, पाऊस असं काहीतरी. वाईट गात होते, पण मनापासून.

सहाला दोन मिनिटं कमी असताना गाणं थांबलं.

गुक से-रिनचे डोळे मिटले. मी-रानचा हात पिशवीत गेला. मेंगनं यंत्राच्या दिव्यांकडे पाहिलं. आठही दिवे लुकलुकत होते. पडद्यावर ओळीही पुढं सरकत होत्या, वाद्यंही वाजत होती.

"माफ करा," सोक साहेब नाक शिंकरत म्हणाले, "या ओळीला मला दर वेळी रडू येतं. पुढं चालू द्या!"

सगळे असे हसले, की खालून बांग चिमटा घेऊन वर आला, कुणी भांडतंय का बघायला. सहा वाजले, सहा वाजून दहा मिनिटं झाली, सोक साहेबांचं तिसरं गाणं चालू झालं आणि ते कुणालाच थांबवता येईना. करार मात्र त्यांनी गाता गाताच, एका हातानं केला.

"मेंग-बुजांगनीम," गुक से-रिन त्याच्या कानाशी म्हणाली, "त्या खिडकीपाशीच्या टेबलावर आपण कुंड्या ठेवूया का?"

"हो, मॅडम. ऊन चांगलं येतं तिथं."

संध्याकाळी सगळे बांगकडे जमले. मी-राननं माहितीपत्रक काढलं, उलगडलं आणि त्यावर गरम कोंबडीचं ताट ठेवलं. 'सोनेरी पंख' तेलानं पारदर्शक झाले. बांगनं ते पाहिलं आणि मेंगच्या पुढ्यात दोन तंगड्या जास्त टाकल्या.

शनिवारी मेंगनं हातोडी आणून नवी खुंटी ठोकली. दुकानात नाही, जिन्यात, दाराशेजारी, ताक गुरुजींच्या डोळ्यांच्या उंचीवर. भातवाढी तिथं टांगली. आता कुणाला बांगच्या समोरून जावं लागत नाही. बांग त्यामुळे आठवडाभर खट्टू होता. हल्ली तो गिऱ्हाइकांना कोंबडी देताना "यशस्वी हो" म्हणतो.

चावी हाताशी आल्यावर गुरुजींना जिन्यात उभं राहण्याचं काही कारण उरलं नाही. तरी तीन वाजता ते येतात आणि काम उरकून पुन्हा खिडकीशी उभे राहतात. आणि मेंगही, हात पाठीमागे पण रिकामे, खाली येतो.

"कुठं होतो मी?" गुरुजी विचारतात.

"बासष्टाव्या सोंगटीवर, गुरुजी."

"हां. तर त्यानं एक डोळा बारीक केला..."